अठ्ठावन्न अंशांवरचा हात

दोन काचांच्या मध्ये वीस मायक्रॉनची फट.
फटीत पॉलिमर, आणि पॉलिमरात
आंबिलीत राहून गेलेल्या गुठळ्यांसारखे
द्रवस्फटिकाचे थेंब.

लठ्ठे बाई म्हणतात, व्याख्या सांग.
सांगते : वाहतो, पण दिशा विसरत नाही.
धड पाणी नव्हे, धड मीठ नव्हे.
हे मला पाठ करावं लागलं नाही.
घरी मी 'आलो' म्हणते, चुलत्यांसारखं, आईसारखं,
आमच्याकडं बायकाही 'आलो'च म्हणतात;
इथं 'आले'.
विद्यापीठाच्या फाटकात उतरताना
मधल्या दहा पावलांत गप्प असते.

गार असताना फिल्म पांढरी,
गंगावेशीत म्हैस पिळून हातात दिलेल्या ग्लासाइतकी.
प्रत्येक थेंबातले रेणू आपल्या थेंबापुरते एका तोंडाचे,
शेजारचा थेंब भलतीकडं बघणारा,
जशा पेठेतल्या तालमी.
उजेड आत शिरतो आणि वाट चुकतो.

छप्पन्नला काही नाही.
सत्तावन्नला कडेनं जरा पातळ.
अठ्ठावन्नला
सगळे आपली दिशा टाकून देतात
आणि पलीकडचं लख्ख दिसतं.
मला वाटायचं शिस्तीनं स्वच्छ दिसतं.

शिरोलीच्या एका फाउंड्रीला पाटी हवी होती.
रस ओतून झाला की साच्याच्या पेट्या
तासभर तशाच तापलेल्या,
दिसायला मात्र गार, गरीब.
वीज नको, बॅटरी नको,
पेटी तापली की आपोआप उमटावं :
हात लावू नका.
मी फिल्मच्या मागं लाल अक्षरं लावली,
वेलांट्या नीट, जाड.

दस्तगीर मामा बीकर विसळता विसळता थांबले.
या नोकरीआधी अठरा वर्षं उद्यमनगरात ओतकाम.
"तितं बिहारची पोरं हाईत, ओडिशाची.
ह्ये मराटी काय पेटीनं वाचायचं?"
मग हिंदीत लिहू, मी म्हटलं.
"आन् मला कुटं वाचाय येत हुतं तवा?"

नळ बंद केला, हात पँटला पुसला
आणि लाल कागदावर पालथा ठेवला.
मी पेन्सिल फिरवली.
अंगठा. तर्जनी.
मधल्या बोटाशी रेघ लवकर वळली,
अनामिकेशी त्याहून लवकर.
करंगळी लांबलचक निघाली
शेजारी कुणी नसल्यामुळं.

बाई म्हणाल्या, पाच बोटं पुरी काढ,
लोकांना वाटेल कापताना चुकलं.
मी पाच बोटांचाही एक कापला.
तो ड्रॉवरमध्ये आहे, सुबक.

हॉटप्लेटवर मामांचाच ठेवला.
पन्नास. दूध.
पंचावन्न. दूध.
मामा स्टूलावर, चहाची बशी तशीच हातात.
सत्तावन्नला करंगळीचं टोक,
मग तळवा, मग सगळा हात एकदम,
लाल, दोन ठिकाणी आखूड,
खालून कुणीतरी काचेवर थाप मारावी तसा.
"हां," मामा म्हणाले. "आता वरडतोय."
मग बराच वेळ काही बोलले नाहीत.
बशीतला चहा गार झाला, सायीसकट प्याले.

बटण बंद केलं.
वहीत लिहिलं : उतरताना चौपन्नला धूसर,
चढ-उताराच्या आकड्यात चार अंशांचा फरक,
कारण तपासणे.
पांढरं आधी आलं ते त्या दोन बोटांवर,
की मलाच तसं वाटलं, हे लिहिलं नाही.
काच निवल्यावर मी माझा हात ठेवून बघितला.
तेहतीस अंश.
एवढ्यानं काही उमटत नाही.

साडेसहा झाले. मामा किल्ल्या वाजवत दारात.
"येतो, मामा," मी म्हटलं,
प्रयोगशाळेत, पहिल्यांदाच.
बाईंनी वहीतून वर पाहिलं.