जागचा न हललेला माणूस

आजोबा सारागोसाला आले तेव्हा स्पॅनिशच होते.
तसं कार्डावर छापलेलं, अंगठ्याच्या ठशासकट:
अनाक्लेतो बोहोपो.
बेटावरून बोटीनं कादिस, मग रेल्वे, मग ही थंडी,
कानाची पाळी कापून नेईल असा सिएर्सो वारा.

अडुसष्टच्या ऑक्टोबरात, शनिवारी,
ते खानावळीत मसुराची आमटी खात होते.
बाहेर पिलारमातेची जत्रा,
फुलं घेऊन निघालेल्या बायका.
रेडिओ म्हणाला, गिनी स्वतंत्र झाला.
कुणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली.
आमटी अजून गरम होती.

कागद पुढे कधीतरी आले.
खिडकीतल्या कारकुनानं
कार्डाचा कोपरा कात्रीनं उडवला
आणि कार्ड परत दिलं, आठवण म्हणून.

"मी कुठे गेलो?" आजोबा विचारायचे,
"देशच उठून गेला. बिलसुद्धा न भरता."

आता मी त्याच खिडकीच्या आतल्या बाजूला बसते.
काल एक म्हातारी आली, कार्ड संपलेलं.
"तुमचं स्पॅनिश किती छान! कुठून आलात?"
देलिसियासहून. बसनं.
"नाही हो, त्याआधी?"
त्याआधी रविवार होता, घरीच होते.

हसली नाही.
मी तिचं बोट धरून काचेवर टेकवलं.
गार, गुळगुळीत, आयुष्यभर भांडी घासून झिजलेलं;
तिसऱ्या खेपेला ठसा उमटला.

जुनं कार्ड कापायचा नियम आहे.
कात्री मी माझ्या खणात ठेवत नाही.
शेजारच्या मार्सियालकडून
दर वेळी मागून घेते.