दिलेलं तत्त्व खरं मानून

फॉर्म भरायची मुदत आज रात्री बाराला संपते.
तिकडच्या बाराला. म्हणजे इथे, रुवीत, साडेदहाला.
हा दीड तास अकरा वर्षं मी सवयीनं वजा करत आले,
आज पहिल्यांदाच तो मला कमी पडतोय.

गेल्या वर्षी दीडशेपैकी अठ्ठ्याऐंशी.
रत्नागिरीचं कॉलेज तीन गुणांनी हुकलं.
मुअज्जम म्हणाला, तीन म्हणजे काहीच नाही गं.
फूफी फोनवर म्हणाली, तीन म्हणजे अल्लाचा इशारा.
मोइदूसेठ म्हणाले, तीनच दिवस रजा, जास्त नाही.

सहा जण गोल टेबलाभोवती बसलेत,
क हा ड च्या शेजारी नाही,
ते सगळं जमलं मला.
पत्त्याच्या रकान्यात एका खोलीत चौदा नावं
मी रोज बसवते.

चुकला तो एकाहत्तरावा.
तत्त्व : ठरल्या दिवशी पगार देणं मालकावर बंधनकारक आहे.
प्रसंग : मालकानं सात महिने पगार दिलेला नाही.
आणि वर, ठळक अक्षरांत :
दिलेलं तत्त्व खरं मानून उत्तर द्या.
पर्याय अ, कामगाराला पगार मिळेल.
पर्याय ड, सांगता येत नाही.

मी ड निवडला.
विचारसुद्धा केला नाही, बोटंच गेली तिकडे,
दिवसभर तेच टाइप करणारी बोटं.
त्या भागातले असे चार गेले माझे.
मला वाटत होतं, हेच चार माझे पक्के आहेत.

येल्लय्या करीमनगरचा. सळया बांधतो.
त्याची कागदं दूध पावडरच्या पिशवीत असतात,
बाहेर काढली की टेबलावर बारीक पांढरं सांडतं.
त्याची तक्रार मी तीनदा टाइप केलीय.
पहिल्या वेळी दोन रियाल घेतले. अजून टोचतात.

अरबीत तक्रारीला शकवा म्हणतात.
आमच्या घरात शिकवा म्हणजे रुसवा,
माणसानं माणसावर धरलेला.
आणि इफ्राच्या मराठीच्या वहीत शिकवा म्हणजे
कुणीतरी कुणालातरी शिकवा.
ती विचारते, अम्मी, यातला खरा कुठला?
तिला पाचवीचं व्याकरण हवं असतं,
मी मात्र गप्प होते.

छत्तीस पूर्ण.
कॉलेज तीन वर्षांचं, तेही मिळालं तर.
मुअज्जम इथे पाण्याचा टँकर चालवणार,
मी तिकडे पोरीला घेऊन, तिच्याच वयाच्या दुप्पट पोरांत बाकावर.
तिकीट ऐंशी रियाल. फॉर्मचे साडेतीन.
हिशोब जुळत नाही, तो मी आठ वेळा केलाय.

आणि समजा बसले.
एकाहत्तरावा पुन्हा आला.
या वेळी मी अ लिहीन का?
पोटात एक आणि कागदावर एक,
असं लिहिता आलं की वकील होतात?
की तत्त्व खरं मानत राहणारं कुणीतरी लागतं,
म्हणून तर परीक्षा घेतात?
कळत नाही.
एसीचं पाणी रंगाच्या डब्यात टपकतंय.
डबा भरलाय, उठून ओतायला हवा.

दहा वाजून पाच. शटर अर्धं ओढलेलं.
खालून आधी चपला दिसल्या, मग पिशवी.
म्हणाला, मॅडम, ऑफिसवाले तारीख दिया.
काहीतरी हललं म्हणायचं, चौथा कागद नको,
नुसती तारीख वाचून दाखवा.
वाचली. पुढचा महिना, चोवीस.
परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी.

फॉर्म म्हणतो, फोटो जोडा, पार्श्वभूमी पांढरी.
या भिंतीपुढे मी हजार तरी माणसं बसवलीत,
मान सरळ, कान दिसू द्या, डोळे मिटू नका.
आज स्टुलावर मी बसले.
ओढणी नीट केली. येल्लय्याला म्हटलं,
हे बटण, जरा दाब.

त्यानं फोन दोन्ही हातांत धरला, जड वस्तू धरावी तसा.
म्हणाला, हसा मॅडम.

फॉर्मवर हसलेलं चालत नाही रे,
मी म्हटलं.
दहा वाजून अठरा.