गाबोळी

गाबोळीला विळी लावत नाही मसाजीमामा.
बोटानंच सोडवतो पडदा,
धुरपतामामी जाळ्याचा गुंता काढते तसा.

मीठ चिमटीनं. हळद त्याहून कमी.
मग ताटलीत, सावलीला;
गंगाखेडच्या उन्हात दाणा तडकतो, म्हणतो.

दिवस कलल्यावर
सरकीवरचा कापूस पिंजून घेतो पातळ,
हरभऱ्याएवढी पुडी बांधतो,
दोऱ्याचे वेढे तीन.
चौथा दिला की दूध पाझरत नाही
अन् वांब वासाला येत नाही.

मी विचारलं, मामा,
यात किती मासे असतील?

त्यानं बोटं धोतराला पुसली.
"मीठ लागल्यावर मोजू नये."
आणि बिनमिठाची, वेगळी ठेवलेली चिमूटभर
डोहात सोडून आला.

गळ नंतर टाकला.
तिथंच.