अकरापैकी साडेचार

रविवारी रात्री टोलीडोच्या स्टेडियमखाली,
बॉयलरच्या शेजारच्या खोलीत
मी एकेक सॅक सोलून बघतो.

वडिलांना इचलकरंजीला फोनवर सांगितलं, सॅक मोजतो,
तर म्हणाले, दप्तरं?
दप्तरं मोजायला तिकडे माणूस ठेवतात?
मग समजावलं : चेंडू फेकणारा एक असतो, क्वार्टरबॅक.
चेंडू त्याच्या हातून सुटायच्या आत
त्याला जागच्या जागी लोळवायचं.
"म्हणजे पकड," ते म्हणाले. "मग त्यात मोजायचं काय?
झाली, नाहीतर नाही झाली."

पेपरवालेही हेच म्हणतात.
त्यांच्याकडे डेमॅरियन ओग्लस्बीच्या अकरा.
माझ्याकडे अठरा गुण, भागिले चार :
साडेचार.

पहिलीत त्याला अडवायला कुणी आलंच नाही.
गार्डला वाटलं टॅकल घेईल, टॅकलला वाटलं गार्ड,
उघड्या दारातून मांजर शिरावं तसा हा आत.
सॅक खरी. दर्जा शून्य.
चौथीला पाच पूर्णांक दोन सेकंद लागले,
तेवढ्यात बुटाची नाडी बांधून होते.
मागे आमच्या पोरांनी त्यांचा एकेक गडी असा धरलेला
की फेकायचं कुणाकडे?
तो बिचारा उभा राहिला, उभा राहिला,
आणि जो आधी पोचला त्याच्या नावावर पडला.

सातवी मात्र
मी चार वेळा बघितली. कामाला एकदा पुरली असती.
डावा खांदा पार खाली, टॅकलचा हात वरून घसरला,
आणि हा असा वळला की घोटा गवताला घासावा.
दोन पूर्णांक एक.
कुणाची मदत नाही, कुणाची चूक नाही.
चारपैकी चार.

वडील कापड तपासायचे, पॉवरलूमच्या गोदामात.
काचेखाली ट्यूबलाइट, काचेवरून सरकणारा तागा.
तुटका धागा दिसला की खडू :
बारीक दोषाला एक गुण, मोठ्याला चार.
तिथे गुण म्हणजे दोषच.
चांगल्या कापडावर ते काहीच लिहीत नसत.

परवा ओग्लस्बी स्वतः खाली आला,
गुडघ्याला बर्फाची पिशवी, वरून प्लॅस्टिक गुंडाळलेलं.
"मिस्टर बेडकिहाळे," (हे नाव त्याने पाठ केलं असणार)
"माझ्या साडेसहा कुठे गेल्या?"
मी नववी लावली.
त्यात मध्यभागी फालेटाऊ, आमचा टोंगन पोरगा,
सेंटरला कपाटासारखा मागे ढकलत नेतोय.
क्वार्टरबॅकला पुढे सरकायला जागा उरत नाही,
तो बाजूला पळतो, थेट ओग्लस्बीच्या मिठीत.
फालेटाऊ तेव्हा तिघांखाली गाडलेला,
उठून हेल्मेटच्या जाळीतली माती काढतोय.
कागदावर त्याचं नाव नाही.

ओग्लस्बी बराच वेळ बोलला नाही.
बॉयलरने एकदा घसा खाकरला.
मग म्हणाला, "एक लावा. ऑक्टोबरचा, तिसरा क्वार्टर.
सॅक नाही ती."
लावली.
सातवीसारखाच खांदा, तसाच वळसा,
दोन सेकंद सपाट.
बोटं जर्सीला लागतात, आणि चेंडू
त्याच क्षणी हातातून निघून चाळीस यार्डांवर जातो,
झेलला जातो, तिकडचं स्टेडियम उठून उभं राहतं.
पडद्याच्या कोपऱ्यात हा गुडघ्यांवर, हात रिकामे.

"याचे किती?"
"याला रकाना नाही," मी म्हणालो.
तो हसला. रागाने नसावा. बर्फाचं पाणी
माझ्या चटईवर ठिबकत होतं.

तो गेल्यावर मी फालेटाऊसाठी एक रकाना आखला.
त्याच्या शेजारी आणखी एक,
त्याला काय नाव द्यावं ते सुचेना.
सकाळी कोच कुचिन्स्कींना आकडा हवाय, एकच,
रेडिओवर सांगता येईल असा.

इचलकरंजीत आता उजाडून दुपार व्हायला आली असेल.
वडिलांना विचारायचंय :
ज्या ताग्यावर खडू उठला नाही,
तो हातातून सोडताना
तुम्ही क्षणभर थांबायचात का?