बिशपचं वजन

इद्वलमामा वृद्धाश्रमात गेला तेव्हा
घरातल्या दोनच गोष्टी त्यानं माझ्या हवाली केल्या:
वजनांची वही, आणि बिशप.
बिशप म्हणजे कासव. वय एकसष्ट,
माझ्याहून सात वर्षांनी थोरलं.

नोव्हेंबरात त्याला फ्रिजमध्ये निजवायचं,
पाच अंशांवर, बुटांच्या खोक्यात, भुसभुशीत मातीत,
आणि रोज एकदा दार उघडून
आत हवा जाऊ द्यायची.
लोण्याच्या खालच्या कप्प्यात, मोहरीच्या बरणीशेजारी
हिवाळाभर माझ्याकडे कुणीतरी झोपलेलं होतं.
ब्लायनायमध्ये पाऊस दगडी पाट्यांच्या ढिगाऱ्यांवर पडतो,
नुसता पडत राहतो.
शेवटची बस डेपोत लावून मी घरी यायचे,
फ्रिज उघडून त्या पिवळ्या उजेडात म्हणायचे,
"आज वळणावर मेंढ्या आडव्या आल्या."
एवढंच. दार बंद.
मार्चमध्ये लक्षात आलं,
तिकिटाच्या पैशांखेरीज
दिवसभरातलं माझं बोलणं तेवढंच.

कोंबड्या नंतर आल्या. पिंजऱ्यांच्या शेडमधून काढून टाकलेल्या,
चार, फुकट, मानेवर पीस नाही.
नावं माझ्याच मार्गावरच्या थांब्यांची:
बाला, कोरिस, हार्लेक,
आणि तलसार्नाउ, जिला एवढं नाव पेलेना म्हणून नुसतीच तल.
अंगणात खोका उघडला तर एकही बाहेर येईना.
माती कशाशी खातात, त्यांना ठाऊकच नव्हतं.
मी गुडघे टेकून बोटांनी उकरून दाखवलं.
मिसेस प्रॉदेरोनं पडदा सारून पाहिलं.
दुसऱ्या दुपारी कोरिसनं एक पाय बाहेर टाकला,
उचलला,
पुन्हा टाकला.

"अंडी किती?" मिसेस प्रॉदेरो विचारतात.
"कधी दोन, कधी एक."
"मग परवडतं कसं?"
मी म्हणते, हवा छान पडलीय.

मे महिन्यात कोरिस खुडूक झाली.
या जातीच्या रक्तातून ते काढून टाकलेलं असतं, म्हणे.
तिनं कुठे लपवून ठेवलं होतं कोण जाणे.
खालची अंडी मी उचलली, तशी ती फणफणत अंगणभर फिरली,
आणि उन्हात तापलेल्या बिशपवर
पंख पसरून बसली.

अख्ख्या जगात असं अंडं एकच असेल,
जे तासाभरानं उठून लेट्यूसकडे चालू लागतं.
कोरिस घसरते, पडते, अंग झाडते,
मागोमाग जाते, पुन्हा चढते.
बिशप मान आत घेत नाही.
फक्त जरा सावकाश चालतो,
म्हणजे होता त्याहूनही.

रविवारी मामाचा फोन असतो.
कशी आहेस वगैरे तो विचारत नाही. "वजन?"
"एक किलो दोनशे दहा."
"हं."
मग मी कोरिसचं सांगितलं, सगळं.
पलीकडे बराच वेळ
कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज.
"किती दिवस झाले बसून?"
"अकरा."
"एकवीस लागतात," मामा म्हणाला,
"तिला उठवू नकोस."