दशांशापुढची घरं

नुकुआलोफाच्या जकात कचेरीत
लेसिएली प्लायवूड मोजते, घनमीटरमध्ये.
शेजारच्या रकान्यात सामोआ.
त्यांचा आकडा आपल्या दुप्पट.
का, ते एका ओळीत लिहून हवंय.

जहाज तर तेच.
आधी आपियाला लागतं,
मग उरलंसुरलं घेऊन इकडे येतं,
कडांना फुगलेलं, खारट.

फक्त वादळानंतरच्या महिन्यात
आपण त्यांच्या पुढे.
त्यातले चार तक्ते तिनेच उचलून नेलेले:
तीन खिडक्यांना.
चौथा व्हुनी सुताराने काही न विचारता
बाबांच्या मापाने कापला.

ती लिहिते, मागणी वाढली.
खोडते.
पेन्सिल कानामागे खोचून
साहेबांना विचारायला उठते,
दशांशापुढे
किती घरं धरायची.