पावलं माझी

गुरुवारी रात्री साडेनऊला
सांगली केंद्रावर एक बाई जिना चढायची
आणि खाली यायची नाही.
दर आठवड्याला बाई वेगळी, जिना वेगळा.
पावलं माझी.

मी अकरा वर्षांची. चपला आईच्या, टाचेच्या,
पुढं कापसाचे बोळे कोंबलेले.
नलूताई उपाध्ये खुर्चीत बसून, कागद बघत, भ्यायच्या
आणि मी लाकडी खोक्यावर त्यांच्यासाठी चालायचे.
भूपालकाका ऐतवडे एक बोट ओठांवर ठेवत,
दुसरं हवेत. ते खाली आलं की एक पाऊल.
"दमलीय ती," काका कानात सांगायचे,
"आणि शेवटच्या पायरीवर तिला कळतं, दार उघडं आहे."
दमलेलं पाऊल मला येत होतं.
कळलेलं पाऊल त्यांनी आठ वेळा करून घेतलं.

काकांच्या पिशवीत सगळे खून असत.
मार्केट यार्डातली हळकुंडं: मोडली की मनगट मोडायचं.
सुपात हरभरे: पाऊस.
आणि मिरजेच्या सतारवाल्यानं टाकून दिलेला
चिरका भोपळा, त्यात एकच खुंटी.
ती पिळली की असं दार उघडायचं
की अख्खी गल्ली उठून आपापली कडी बघून यायची.
आई तर दोनदा बघायची.

मग त्या गोष्टी टेलिव्हिजनवर घ्यायचं ठरलं.
काकांना कुणी बोलावलं नाही.
पत्रात होतं, आवाजांची सोय इकडे आहे.

मगदूम सरांच्या हॉलमध्ये चाळीस माणसं,
सेटवर विणलेला रुमाल, त्यावर प्लास्टिकचा मोर.
वर गच्चीत बंडू अँटेना फिरवतोय.
"आलं काय?"
"मुंग्या!"
"आता?"
"आलं, आलं, हात काढू नको!"

बाई गोरी होती. अंबाड्यात फूल.
जिन्यावर गालिचा.
ती चढली, आणि काहीच वाजलं नाही.
मी सरांच्या फरशीवर अनवाणी बसले होते,
अंगठे आपोआप हलत होते.
दाराला तिनं हात लावला तशी भिंतसुद्धा हलली.
काकांनी डोळे मिटून घेतले,
पण ऐकण्यासारखंही काही नव्हतं.

मग तो आला.
इतके गुरुवार नुसता श्वास होता त्याचा,
आता मिशी होती, चिकटवलेली, एका बाजूनं सुटत चाललेली.
"अगं बाई, हा तर अर्बन बँकेतला कॅशियर!"
हॉल हसला. लहान पोरंही हसली,
जी रेडिओला गोधडीत शिरायची.
मला वाटलं, संपलं. आता कुणी भिणार नाही.

शेजारी आईनं केवढा तरी श्वास सोडला.
"हा नव्हे तो," म्हणाली.
हळू. मलाही नाही, कुणालाच नाही.

परतताना लाईट गेलेली.
गावभागात अंधार, नदीकडून वारा.
काका आमच्या दारापर्यंत सोबत आले,
पिशवी काखेत, रिकामी असावी.
आई पुढं जिना चढू लागली.
चपला त्याच, बोळे काढलेले.
एक. दोन. दमलेलं पाऊल, माझ्याच सारखं,
नाही, माझं तिच्यासारखं.
सात. आठ.
शेवटच्या पायरीवर ते पडलं,
जे मी आठ वेळा चुकले होते.

काका खाली थबकले.
त्यांचं बोट हवेत वर गेलेलं
मला अंधारातही दिसलं.
"वहिनी," त्यांनी खालूनच विचारलं,
"कोण आहे वर?"

कडी वाजली नाही. दारही वाजलं नाही.
"कोणी नाही," आई म्हणाली,
खुर्चीत बसून, कागद बघून म्हणावं तसं.